घरातला धाक आणि मराठी कथा

(छत्तीसगडात भिलाईजवळच्या जामुल येथील मराठी रहिवाशांच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हरी नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. १८९३ साली ती पुस्तकरूपात आली. मधल्या काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहाचं बारा करायचं, एवढीच त्याची झेप. तरी पुण्यात सभांवर सभा झाल्या, वृत्तपत्रं एकमेकांवर तुटून पडली, धर्म बुडाल्याची हाकाटी झाली. या गदारोळात ज्या मुलींबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. हरिभाऊंनी विचारलं. त्यांनी यमू नावाच्या मुलीच्या तोंडून तिची हकिकत सांगितली. बालपणापासून लग्न, सासर, नवऱ्याबरोबर मुंबईत मिळालेले थोडे मोकळे दिवस, मग वैधव्य आणि जबरदस्तीचं केशवपन, हे सारं ‘मी’ म्हणून बोलणारी बाई सांगते.

आज मी जो विषय घेतला आहे, घरातली हुकूमशाही आणि कथात्म साहित्य, त्याचा मराठीतला खरा पाया इथं आहे असं मी मानतो. त्याआधी १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं होतं. विधवांचे हाल त्यातही आहेत. पण तिथं हाल पाहत फिरणारी नजर बाहेरची आहे, प्रचारकाची आहे. आपट्यांची यमू घरात राहून घर पाहते.

यमूच्या वडिलांचा घरात धाक आहे. आई त्यांच्यापुढे दबून वागते. पुढे सासरी शंकरमामंजी भेटतात, बाहेर धर्माचा आव आणि आत लबाडी असलेला माणूस. वाचकाचा राग साहजिकच त्यांच्यावर निघतो. पण कादंबरी पुन्हा वाचताना मला जास्त अस्वस्थ करतात ती बाकीची माणसं. मामंजी एकटे काय करू शकले असते? एका बाईचं डोकं भादरायचं तर दार लावणारं कुणी लागतं, तिला धरणारं कुणी लागतं, न्हाव्याला निरोप धाडणारं लागतं. शेजारच्या खोलीत गप्प बसणारी माणसं तर लागतातच. घरातला हुकूम एकाच्या तोंडून निघतो आणि दहा जणांच्या हातांनी पार पडतो. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आपल्या चांगल्या लेखकांनी हुकूम करणारा माणूस रंगवला, आणि त्याहून मोलाचं म्हणजे हुकूम चालवणारं घर रंगवलं. आपण वाचक मात्र त्या एका माणसावर चिडतो आणि पुस्तक मिटतो.

विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ घ्या. नाटक १९७२ चं. त्यावर केवढं वादळ उठलं, सेन्सॉर बोर्डाशी झगडत प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत कसं गेलं, हे नाट्यवेड्यांना ठाऊक आहे. कमलाकर सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात ते सारं लिहून ठेवलं आहे. सखाराम बुकबाइंडिंग करणारा, बापाच्या माराला कंटाळून घर सोडलेला माणूस. लग्नसंस्थेवर त्याचा विश्वास नाही. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी आपल्या घराचे कायदे ऐकवतो. पटलं तर राहा, नाही पटलं तर जा. आपल्या घरात ढोंग नाही याचा त्याला अभिमान आहे. हे पाहताना प्रेक्षकाला क्षणभर वाटतंही, की निदान हा खरं बोलतो. पण ज्या बाईला जायला दुसरी जागा नाही, तिच्यापुढे ठेवलेली ‘नाही तर जा’ ही अट म्हणजे मोकळीक कशी? तेंडुलकरांनी तो प्रश्न कुणाच्या तोंडी घातला नाही. लक्ष्मीला आणि चंपाला त्या घरात वावरू दिलं.

आणि लक्ष्मी! पूजाअर्चा करणारी, मुंगळ्याशी बोलणारी, मार खाणारी. तिच्याबद्दल आपल्याला कळवळा येतो. शेवटी सखाराम चंपाचा गळा दाबतो, तेव्हा तो कोसळतो, आणि लक्ष्मी शांतपणे पुढची व्यवस्था हातात घेते. प्रेत पुरायचं आहे, ते ती पाहते. सखारामला चंपाबद्दल सांगणारीही तीच. तेंडुलकरांनी लक्ष्मीला दुष्ट केलेलं नाही, आणि म्हणूनच ते दृश्य सहन होत नाही. ज्या घरात तिला मार मिळाला ते घर टिकवणं हेच तिचं जगण्याचं साधन झालं आहे. घर मोडलं तर तिच्याजवळ काही उरत नाही.

सासूच्या छळाच्या कथा मराठीत पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेक मला अपुऱ्या वाटतात. त्यात सासू खाष्ट असते, सून सोशिक असते आणि घरचा पुरुष बिचारा मधल्या मध्ये सापडलेला. या मांडणीत त्याची सुटका फार स्वस्तात होते. डाळ किती शिजवायची, सुनेला माहेरी कधी धाडायचं, तिनं कुणाशी बोलायचं, हे सासू ठरवते. पण हे ठरवण्याचा अधिकार तिला कुणाच्या नावानं मिळाला? आयुष्यभर विचारून वागलेल्या बाईला म्हातारपणी पहिल्यांदा कुणीतरी विचारू लागतं. तो अधिकार तिच्याकडे उसना आलेला आहे, आणि उसन्या अधिकाराचा माणूस नेहमीच जास्त कडक वागतो. आपल्या कारखान्यांतले मुकादम आठवून पाहा.

जरा दूरचं एक उदाहरण देतो. इजिप्तचे नजीब महफूझ, ज्यांना १९८८ साली नोबेल मिळालं, त्यांच्या कैरोविषयीच्या कादंबरीत्रयीचा पहिला भाग १९५६ चा आहे. त्यातले अब्द अल-जव्वाद हे व्यापारी बाहेर दिलदार, गाण्याबजावण्याचे शौकीन, मित्रांत लोकप्रिय. घरात त्यांच्यापुढे कुणी डोळा वर करत नाही. त्यांची बायको अमीना रोज मध्यरात्री उठून दिवा घेऊन जिन्यावर उभी राहते, नवरा मौज करून परततो त्याला उजेड दाखवायला. पंचवीस वर्षांच्या संसारात ती एकटी घराबाहेर पडलेली नाही. नवरा परगावी गेलेला असताना मुलांच्या आग्रहावरून ती जवळच्या हुसेन मशिदीत जाऊन येते आणि वाटेत मोटारीचा धक्का बसून तिचं हाड मोडतं. नवरा परत येतो, हकिकत कळते. तो ओरडत नाही. हाड जुळेपर्यंत थांबतो, आणि ती बरी झाल्यावर तिला आईच्या घरी निघून जायला सांगतो.

ते थांबणं मला आपल्याकडच्या शेकडो घरांत दिसतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाच्या रागाला एक शेवट असतो. हिशेब लक्षात ठेवून, सवडीनं शिक्षा देणाऱ्या माणसाच्या घरात दिवस चांगला गेला तरी कुणी निर्धास्त झोपत नाही. मराठीत अशा थंड रागाचं चित्रण कमी आहे. आपले जुलमी बाप बहुधा गरजतात.

आता आपल्या मुलखाजवळ येऊ. इथल्या बऱ्याच घरांची मुळं नागपूर, भंडारा, गोंदियाकडची. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ रंगभूमीवर आलं १९८५ साली, विजया मेहतांच्या दिग्दर्शनात. धरणगावकर देशपांड्यांचा विदर्भातला वाडा. नाटक सुरू होतं तेव्हा घरचे कर्ते तात्याजी वारलेले आहेत. म्हणजे ज्याच्या शब्दावर घर चाललं तो माणूस रंगमंचावर येतच नाही. त्याची म्हातारी आई आतून त्याला हाक मारत वेळ विचारत राहते. तेराव्याचा खर्च कसा भागवायचा यावर भावांत बोलणी चालू आहेत. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय आणि येणाराजाणारा त्याला ठेचकाळतो. प्रभा हुशार, तिला शिकायचं होतं. वडिलांनी बाहेर शिकायला जाऊ दिलं नाही. ती घरातच सुकत गेली. धाकटा चंदू गड्यासारखा राबतो, त्याला कुणी काही ठरवायला बोलावत नाही. किल्ल्या आता थोरल्या भास्करकडे आणि वहिनीकडे आल्या आहेत.

वहिनी दागिने घालते ते दृश्य मी तुम्हाला जवळून पाहायला सांगेन. रात्र झाली आहे, बाहेर सुतक आहे. घराण्याचं सोनं पेटीतून निघतं. आजवर राबत आलेली वहिनी ते एकेक करून अंगावर चढवते. त्या वेळी तिच्यात काहीतरी बदलतं. नवऱ्याची बायको, सासूची सून असलेली बाई आता त्या घराची मालकीण आहे, हे तिच्या शरीराला कळतं. प्रेक्षकाला ती सुंदर दिसते, आणि त्याच क्षणी भीतीही वाटते, कारण पुढे प्रभेवर आणि चंदूवर हुकूम कोण करणार हे उमगतं. तात्याजी गेले म्हणून जागा रिकामी झाली नाही. एलकुंचवारांनी कुणावर ठपका ठेवला नाही. सोन्याला हात लावणारी बाई दाखवली आणि थांबले. पुढे त्याच घरातली तरुण रंजू ते सोनं घेऊन मास्तराबरोबर पळून जाते.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची, वऱ्हाडी बोलीतली. तिथं वाडा नाही, सोनं नाही, देशपांडेपण नाही. शिंप्याचं घर. नवरा महादेव हात हलवत नाही, कौतिक घर ओढते. सत्तेला पैशाचा किंवा कर्तृत्वाचा आधार लागतो असं आपण समजतो. ‘धग’ वाचताना ती समजूत टिकत नाही. कमावणारी, निभावणारी, मुलांना जगवणारी बाई आणि तरीही घरधनी तोच. या कादंबरीवर स्वतंत्र व्याख्यान व्हावं. आज एवढंच म्हणतो, की घरातल्या धाकाची चर्चा आपण वाड्यांपुरती ठेवली तर आपल्यातली बरीचशी घरं त्यातून निसटतात.

तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ नाटकाबद्दल मात्र इथं बोललंच पाहिजे, कारण हे जामुल आहे. १९६५ पासून इथं सिमेंटचा कारखाना आहे; भिलाईच्या पोलाद भट्ट्यांतली धातुमळी इथं सिमेंटमध्ये जाते. कंत्राटी कामगारांनी या गावात हक्कांसाठी लढे दिले. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांना भिलाईतच, २८ सप्टेंबर १९९१ रोजी, झोपेत गोळी घातली गेली. आपल्यातल्या अनेकांनी मोर्चे पाहिले आहेत, काही त्यात चालले आहेत. आवाज दाबला जातो म्हणजे काय, हे या गावाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ १९८३ चं. नाथ देवळालीकर समाजवादी कार्यकर्ते. घरात लोकशाही हवी म्हणून आग्रह धरणारे, मुलांना मतं विचारणारे, प्रेमळ. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचं म्हणते. आई सेवा आणि भाऊ जयप्रकाश यांना शंका आहेत. नाथांना मात्र आपल्या तत्त्वांची कसोटी दिसते, आणि ते भारावून पाठिंबा देतात. लग्नानंतर ज्योतीला मार बसू लागतो. पुढे त्याच जावयाच्या पुस्तकावर नाथ सभेत गौरवाचं भाषण करतात, आणि ज्योती घरी येऊन त्यांना त्या भाषणाचा जाब विचारते. बाप तिला परत बोलावतो, ती येत नाही.

या नाटकावर दलित चळवळीतून रोष आला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. मारणारा नवरा उभा करायचा तर तो दलितच का, हा प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क होता. सवर्ण घरांत मारणारे नवरे कमी नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही नाथांचं पात्र मला सोडवत नाही. या माणसानं कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. त्यानं मुलीला आपल्या तत्त्वांची परीक्षा देणारी विद्यार्थिनी केलं. ती नापास झाली असती तर तो कोलमडला असता, हे तिला माहीत होतं. म्हणून ती सोसत राहिली. घरात लोकशाहीचा जयघोष चालू होता, आणि त्यात ‘बाबा, तुमचं चुकलं’ एवढं म्हणायची जागा नव्हती.

चळवळीत काम करणाऱ्या माणसांना मी हे नाटक पुनःपुन्हा वाचायला सांगतो. गेटवर उभं राहून ‘आमचं ऐका’ म्हणणारा माणूस घरी कुणाचं ऐकतो? हे मी कुणाला खाली पाहायला लावण्यासाठी विचारत नाही. दल्ली-राजहराच्या खाणींत नियोगींच्या संघटनेनं दारूविरुद्ध मोहीम घेतली तेव्हा त्यात बायका पुढे होत्या. घरातला मार आणि कामावरचं शोषण वेगवेगळी खाती मांडून सुटत नाहीत, हे त्या बायकांनी जगून दाखवलं.

एक वेगळी गोष्ट इथं सांगायला हवी, नाही तर माझी मांडणी एकांगी होईल. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणीच वाचली. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला शिंपटीनं मारत बाहेर काढते. नंतर ती त्याला जवळ घेते, आणि भित्रा म्हणून त्याला लोकांनी हसलेलं आपल्याला कसं सहन होईल, ते सांगते. ही हुकूमशाही आहे का? मला तसं वाटत नाही. ती आई कारण सांगते, स्वतःही तेच नियम पाळते, आणि मुलाच्या डोळ्यातलं पाणी तिला दिसतं. कारण सांगण्याची तयारी ही माझ्या मते धाक आणि शिस्त यांच्यातली सीमा आहे. पण या पुस्तकाचं एक दुर्दैव आहे. कित्येक आईवडिलांनी त्यातली फक्त शिंपटी उचलली. पुढचं जवळ घेणं आणि सांगणं पुस्तकातच राहिलं.

मग तुमच्या-आमच्या घराची, या औद्योगिक वस्तीतल्या घराची कथा कुणी लिहिली? राजनांदगावात जन्मलेल्या विनोदकुमार शुक्लांनी ‘नौकर की कमीज’ १९७९ साली हिंदीत लिहिली. कार्यालयातला कारकून संतूबाबू. साहेबाच्या नोकरासाठी शिवलेला सदरा त्याला जबरदस्तीनं घातला जातो. दुसरीकडे घरमालकाच्या बायकोची नजर त्याच्या बायकोवर आहे, तिला हळूहळू स्वयंपाकाच्या कामाला ओढलं जातं. हुकूम कचेरीतून निघून चुलीपर्यंत कसा पोहोचतो हे इतक्या साधेपणानं मी दुसरीकडे वाचलं नाही. त्याच राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शिकवत होते. घरी मराठी, लेखन हिंदीत. आपल्या शेजारी एवढी माणसं होऊन गेली, आणि मराठीत इथल्या घराची कथा मला सापडत नाही.

ती कशाची असेल? नाईट शिफ्ट करून आलेला माणूस दिवसा झोपतो, तिथून ती सुरू होऊ शकते. दोन खोल्यांचं क्वार्टर. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून बायको भात पातेल्यातच शिजवते. मुलांचा अभ्यास ओठांतल्या ओठांत. दारावर भाजीवाला आला तर खुणेनं भाव ठरतो. यात जुलूम काहीच नाही. भट्टीजवळ आठ तास काढून आलेल्या माणसाचा झोपेवर हक्क आहे, आणि घर ती झोप प्रेमानं राखतं. पण ज्या दिवशी त्याला साप्ताहिक सुट्टी असते, तो जागा असतो, चहा पीत बाहेरच्या खोलीत बसलेला असतो, त्या दिवशीही मुलं ओठांतच बोलत असतील तर? तो झोपलेला नाही, तरी घर कुजबुजतंय. त्या शांततेतली दमणुकीसाठी किती आणि धाकासाठी किती, हे फक्त घरातल्यांना कळतं. त्या माणसाला स्वतःला बहुधा कळतही नाही. त्यानं कधी ‘गप्प बसा’ म्हटलेलं नसतं. आपलं घर गुणी आहे, असंच त्याला वाटत राहतं.

ही कथा बाहेरून आलेला लेखक लिहू शकणार नाही. ती ज्या मुलीनं ओठांत पाढे म्हटले तिनंच लिहायची आहे. आणि तिला लिहिणं सोपं जाणार नाही, हे मी जाणतो. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. त्यात कमावती मुलगी आहे, जिच्या पगारावर वडिलांचा संसार चालतो आणि जिच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढत नाही. पुस्तकावर इतका गहजब झाला की लेखिका कोण हे बरीच वर्षं गुप्तच ठेवावं लागलं. फलटणच्या बेबीताई कांबळे तर आपल्या दुकानात बसून लिहीत आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवत. तब्बल वीस वर्षं ते कागद लपलेले होते. ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून आलं १९८६ साली.

आपल्या मंडळींचा वार्षिक अंक दिवाळीच्या सुमारास निघतो असं मला इथं आल्यावर कळलं. संपादकांना माझी एक विनंती आहे. यंदा घरावरच्या कथा मागवा. टोपणनावानं आलेली कथा टोपणनावानंच छापा, खरं नाव विचारू नका, आणि हस्तलिखित परत पाठवायचं झालं तर लेखिकेच्या घरच्या पत्त्यावर पाठवू नका. ती सांगेल त्या मैत्रिणीकडे पोहोचवा.